नवा हॅम्स्टर हातावर यायला किती दिवस लागतात?

घरी हॅम्स्टर आला की पहिल्या अर्ध्या तासातच तो प्रत्येकाला हातात हवा असतो. दुकानातून आणलेला पुठ्ठ्याचा डबा उघडला जातो, पोरं हात घालतात, तो कोपऱ्यात पळतो, त्याला पुन्हा पकडतात आणि तिसऱ्या वेळी तो कडकडून चावतो. मग 'आमचा चावरा निघाला' असं ठरतं आणि पिंजरा हळूहळू गॅलरीत जातो. माझ्या पहिल्या हॅम्स्टरच्या, तीळच्या बाबतीत मीही पहिल्याच संध्याकाळी हात घातला होता. त्या एका संध्याकाळची भीती निघायला पुढे दोन महिने लागले. त्यानंतरचे तिघे दोन ते चार आठवड्यांत हातावर आले. फरक त्यांच्या स्वभावात फारसा नव्हता. मी थांबायला शिकले, एवढंच झालं.

शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकते. सीरियन जातीच्या तरुण हॅम्स्टरला साधारण दोन ते चार आठवडे, बुटक्या जातींना थोडे जास्त आणि आधी घाबरवलेल्या जनावराला काही महिने. खालचे दिवस अंदाजाने दिले आहेत. पुढच्या पायरीवर कधी जायचं, हे कॅलेंडर बघून ठरवू नका, त्याच्याकडे बघून ठरवा.

त्याला आपला हात कसा दिसतो

आपल्याकडे दुकानात दिसणारा सोनेरी किंवा पांढरा-तपकिरी, मुठीएवढा हॅम्स्टर म्हणजे सीरियन हॅम्स्टर. १९३० साली इस्रायल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पोजवळ एका शेतात खणून एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. ती जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वाढली, आणि आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सगळे सीरियन हॅम्स्टर त्यांचेच वंशज आहेत. कुत्र्याला माणसाजवळ राहून हजारो वर्षं झाली, याला अजून शंभरही झालेली नाहीत. रानातली सगळी सावधगिरी त्याच्या अंगात जशीच्या तशी आहे.

रानात तो जमिनीखाली बीळ करून एकटा राहतो आणि अंधार पडताना दाणे गोळा करायला बाहेर पडतो. त्याच्या जिवावर उठणारं घुबड किंवा ससाणा वरून येतो. पिंजऱ्याचं झाकण उघडून वरून खाली येणारा आपला हात त्याला नेमका तसाच वाटतो. त्याची नजर अधू असते आणि खोलीचा अंदाजही नीट येत नाही, त्यामुळे टेबलाच्या कडेवरून तो सरळ खाली पाऊल टाकतो. नाक आणि कान मात्र फार तीक्ष्ण असतात. थोडक्यात, त्याच्याशी ओळख करायची ती वासाने, आवाजाने आणि समोरून.

हा प्राणी सोबतीसाठी झुरत नाही. दोन मोठे सीरियन एका पिंजऱ्यात ठेवले तर ते एकमेकांना जखमी करतात, प्रसंगी मारूनही टाकतात. दुकानदार 'जोडी घ्या, एकटा उदास होईल' म्हणाला तरी एकच घ्या. बुटक्यांपैकी कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट हाताळायला बऱ्यापैकी तयार होतात. रोबोरोव्स्की हा सगळ्यांत लहान आणि विजेसारखा चपळ, तो बघण्यासाठी पाळावा. लहान मुलांच्या घरी तो हातातून निसटण्याचाच धोका जास्त.

दुकानात बहुधा नर-मादी एकाच खोक्यात असतात, त्यामुळे आणलेली मादी गाभण असू शकते. सीरियन मादीचा गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा असतो. पोट दोन्ही बाजूंनी फुगायला लागलं आणि ती भराभर घरटं करू लागली, तर माणसाळवणं तिथेच थांबवा. खाणं-पाणी तेवढं द्या. व्यायल्यावर दोन आठवडे पिंजरा साफ करू नका आणि पिल्लांना बोटही लावू नका. घाबरलेली आई पिल्लं मारते. अहरोनींनी पकडलेल्या त्या पहिल्या मादीनेही आपलं एक पिल्लू मारलं होतं.

आणण्याआधी घर तयार हवं

आपल्याच घरात भेदरलेला हॅम्स्टर कधी माणसाळत नाही, म्हणून पिंजऱ्याचा विषय टाळता येत नाही. जर्मनीतल्या प्राणिकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेने किमान १०० × ५० × ५० सेंटीमीटर जागा सुचवली आहे. आपल्याकडे दुकानात मिळणारा रंगीत नळ्यांचा पिंजरा याच्या पावपटही नसतो. त्यापेक्षा जुनी काचेची मोठी मत्स्यपेटी किंवा दोन मोठे प्लॅस्टिकचे खोके जोडून झाकणाला जाळी बसवलेलं घर स्वस्तात होतं आणि चांगलं होतं. तळाशी कागदाचं बेडिंग निदान २० सेंटीमीटर भरा. बेडिंग मिळालं नाही तर बिनवासाचे साधे टिश्यू फाडून घाला. खणायला मिळालं की त्याची निम्मी अस्वस्थता जाते. सुतारकामाचा पाइन किंवा देवदाराचा वासाचा भुसा नको, त्याने श्वासाचा त्रास होतो. कापसासारखं मऊ 'नेस्टिंग' दुकानात देतात, तेही नको. त्याचे धागे पायात अडकतात आणि पोटात गेले तर आतडं बंद होतं.

पळायचं चाक सीरियनसाठी निदान २८ सेंटीमीटर व्यासाचं आणि सलग पृष्ठभागाचं हवं, गजांचं नको. चाकात पळताना त्याची पाठ सरळ राहिली पाहिजे. एका वाडग्यात आंघोळीची कोरडी वाळू ठेवा. पाण्याने त्याला कधीही आंघोळ घालू नका. लपायला मातीचं छोटं मडकं आडवं ठेवलं की उत्तम. आपल्या उन्हाळ्यात ते आतून गार राहतं.

पिंजरा ठेवायचा तो माणसांचा आवाज येईल अशा खोलीत, पण टीव्हीशेजारी नाही, मिक्सरजवळ नाही आणि उन्हात तर मुळीच नाही. उंची आपल्या छातीएवढी असली की आपण त्याच्यासमोर येतो, वरून झुकावं लागत नाही. ही एक गोष्ट साधली तरी पुढचे कितीतरी दिवस वाचतात.

पहिले तीन दिवस: काहीही करू नका

डबा पिंजऱ्यात आडवा ठेवा, उघडा आणि बाजूला व्हा. तो आपणहून बाहेर येईल. पिंजऱ्याचा एक भाग पातळ सुती कापडाने झाका, हवा खेळती राहू द्या. दिवसातून एकदा पाणी बदला, दाणे टाका आणि निघा. या तीन दिवसांत तो सगळीकडे आपला वास लावून ठेवतो. सीरियनच्या दोन्ही कुशींवर त्यासाठी ग्रंथी असतात. त्याला ही जागा आपली वाटायला लागली की भीती अर्धी होते. म्हणूनच पहिले दोन आठवडे पूर्ण साफसफाई करू नका, ओला झालेला कोपराच तेवढा काढा.

पाहुण्यांना दाखवायला त्याला झोपेतून उठवू नका. दिवसा तो झोपणारच. त्याची सकाळ आपल्या दिवेलागणीनंतर होते. झोपेतून दचकून उठलेला सगळ्यांत गरीब हॅम्स्टरही चावतो.

चौथ्या दिवसापासून: आवाज आणि वास

रात्री तो उठला, तोंड पुसून झालं, चाकावर एक फेरी झाली की पिंजऱ्याजवळ बसा आणि हळू आवाजात बोला. काय बोलता याला महत्त्व नाही. मी दुसऱ्या दिवशीच्या भाजीची यादी वाचून दाखवायचे. रोज तोच आवाज, तीच वेळ, १५-२० मिनिटं. सुरुवातीला तो थिजतो, कान मागे घेऊन बघत राहतो. तुम्ही बोलत असताना तो खाणं चालू ठेवू लागला की ही पायरी झाली.

याच दिवसांत एक साधा टिश्यू दिवसभर अंगावर, बाहीत वगैरे ठेवा आणि रात्री त्याचे तुकडे करून पिंजऱ्यात टाका. तो ते उचलून घरट्यात नेतो आणि तुमच्या वासात झोपतो. सगळ्या उपायांत मला हा उपाय सर्वांत मोलाचा वाटतो, आणि यात हात लावावाच लागत नाही. अत्तर लावलेला कपडा नको.

दुसरा आठवडा: हात म्हणजे खाऊ

हात घालण्याआधी बिनवासाच्या साबणाने धुवा. नुकतेच भजी खाल्लेले हात त्याला खाऊच वाटतात आणि तो प्रामाणिकपणे चाखून बघतो. जाड हातमोजेही नकोत. त्यातून आपल्याला त्याचं अंग कळत नाही आणि त्याला आपला वास मिळत नाही.

पहिल्यांदा सूर्यफुलाची किंवा भोपळ्याची बी दोन बोटांत धरून, हात खालच्या पातळीवरून, समोरून आत न्या आणि स्थिर ठेवा. तो येईल, हुंगेल, बी ओढेल आणि पळेल. पळू द्या. दोन-तीन दिवसांनी बी उघड्या तळव्यावर ठेवा, बोटं त्याच्याकडे आणि मनगट बेडिंगला टेकलेलं. आधी तो मान लांब करून उचलेल, मागचे पाय जमिनीवरच. मग एक पंजा हातावर, मग दोन. खाऊ दर वेळी तळव्यात थोडा आत सरकवत न्या. बाजरीचं किंवा राळ्याचं वाळलेलं कणीस या कामाला फार चांगलं, कारण दाणे सुटे करायला त्याला हातावरच बसावं लागतं. काकडीचा बारीक तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा कणही चालतो. कांदा, लसूण, संत्रं-मोसंबी, चॉकलेट आणि फरसाण अजिबात नको. कॅम्पबेल जातीत मधुमेहाकडे कल असतो, त्यामुळे गोड फळं त्यांना देऊच नका.

सूर्यफुलाच्या बिया दिवसाला दोन-तीनच. त्या फक्त हातातूनच मिळतात, वाटीत कधीच नाही, असा नियम केलात तर तो हाताची वाट बघू लागतो. तो बी खातो की गालात भरतो, तेही बघा. त्याच्या गालांच्या पिशव्या थेट खांद्यापर्यंत जातात. जर्मन भाषेत साठेबाजीला 'हामस्टर्न' म्हणतात ते त्याच्याच नावावरून. बी गालात कोंबून पळणारा अजून साशंक असतो. तळव्यावर बसून ती सोलून खाणारा तुमच्यावर विसंबलेला असतो.

याच सुमाराला घाई होते. तो तळव्यावर बसला की मूठ मिटाविशी वाटते. मिटू नका. एकदा हाताने पकडलं की त्याच्या लेखी हात पुन्हा घुबड झाला.

पहिल्यांदा उचलताना

चारही पाय हातावर ठेवून तो निवांत खाऊ लागला, असं चार-पाच रात्री झालं की हात बेडिंगपासून एक-दोन इंच वर घ्या, दहा सेकंद थांबा आणि खाली टेकवा. तो उतरून गेला तर जाऊ द्या. दुसऱ्या रात्री थोडं जास्त. मग दुसरा हात बाजूने आणून दोन्ही हातांची ओंजळ करा. पाण्याची ओंजळ धरतो तशीच, खालून. वरून पकडायचं नाही, मानेची कातडी धरून उचलायचं नाही. तो प्रकार पशुवैद्यकावर सोडा.

हातावर यायला अजून तयार नाही, पण पिंजरा साफ करायचाय, अशी वेळ येतेच. तेव्हा स्टीलचा मोठा पेला किंवा कागदी नळकांडं आत आडवं ठेवा, आत एक बी टाका. तो शिरला की दोन्ही टोकांवर हात ठेवून उचला. पाठलाग करून पकडणं कोणत्याही कारणासाठी करू नका.

बाहेर काढाल तेव्हा तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलेले असा आणि तो तुमच्या मांडीच्या वर, वीतभर उंचीवरच असू द्या. उभं राहून त्याला हातात धरू नका. उभ्या माणसाच्या छातीपासूनची उडी त्याचा पाय किंवा पाठीचा कणा मोडायला पुरेशी असते. एका हातावरून दुसऱ्या हातावर, मग पुन्हा पहिल्यावर, अशी त्याला 'वाट' करून देत राहा. तो चालत राहतो आणि अडकल्यासारखं त्याला वाटत नाही.

बाथरूमचा उपयोग

पिंजरा ही त्याची हद्द, तिथे तो राखण करतो. कोणाचीच नसलेल्या जागेत तो उलट तुमच्याकडे आधारासाठी येतो. फ्लॅटमध्ये अशी जागा म्हणजे पूर्ण कोरडं केलेलं बाथरूम. फरशीवर फिनेल वा साबणाचा वास राहता कामा नये. मोरीची जाळी जड फरशीच्या तुकड्याने झाका, बादल्या रिकाम्या करा, कमोडचं झाकण बंद करा, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा. जुना टॉवेल अंथरून त्यावर त्याचं मडकं, दोन पुठ्ठ्याच्या नळ्या आणि थोडं त्याच्या पिंजऱ्यातलं बेडिंग ठेवा. मग आत बसा, पाय पसरा आणि काहीच करू नका.

पहिली दहा मिनिटं तो भिंतीच्या कडेने फिरतो. मग तुमच्या पायाचा वास घेतो, पँटवरून चढतो, उतरतो. गुडघ्यावर एखादी बी ठेवा. २०-३० मिनिटं, एक दिवसाआड. पिंजऱ्यातल्या हाताला सदा घाबरणारा माझा तिसरा हॅम्स्टर, बटर, इथेच पाचव्या रात्री शर्टाच्या बाहीत शिरून बसला. प्लॅस्टिकच्या बंद चेंडूत घालून फिरवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. चेंडूत त्याला वास कळत नाही, हवा कमी आणि थांबताही येत नाही.

तो काय सांगतोय ते वाचा

थिजून राहणं, कान मागे चिकटवणं, दात कडकडवणं, पाठीवर उलटं पडून दात दाखवणं किंवा किंचाळणं म्हणजे भीती. हात शांतपणे मागे घ्या आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली या. आळोखेपिळोखे देणं, जांभई देणं, तुमच्यासमोर निवांत अंग चाटत बसणं ही चांगली चिन्हं. मागच्या पायांवर उभं राहून नाक हलवणं म्हणजे कुतूहल. पण तसंच उभं राहून पुढचे पंजे ढालीसारखे धरले असतील तर तो भांडायच्या तयारीत आहे. हा फरक दोन आठवडे बघितल्यावर डोळ्याला कळू लागतो.

चावला तर

हात झटकू नका. झटक्यात तो फेकला जातो आणि मरूही शकतो. दुखलं तरी हात खाली टेकवा, तो स्वतः सोडतो. ओरडणं, टिचकी मारणं, तोंडावर फुंकर घालणं यातून तो एवढंच शिकतो की माणूस धोकादायक असतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आठवून डॉक्टरांना विचारा. घरातच बंद राहिलेल्या हॅम्स्टरकडून रेबीजचा धोका जवळपास नसतो, तरी तो प्रश्नही डॉक्टरांनाच विचारलेला बरा. चावल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा. काहींना हॅम्स्टरच्या लाळेची तीव्र ॲलर्जी असते.

मग कारण शोधा. झोपमोड झाली होती? हाताला खाण्याचा वास होता? हात वरून आला? चांगला माणसाळलेला एकदम चावू लागला तर मात्र दुखणं असण्याची शक्यता धरा. दात फार वाढलेत का, गालाच्या पिशवीत काही अडकलंय का, कुठे गाठ आहे का, हे पशुवैद्यकाला दाखवा. विशेषतः नव्या, लहान सीरियनला पातळ जुलाब, ओली शेपटी आणि कुबड काढून बसणं दिसलं, तर ते 'वेट टेल' असू शकतं. त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच दिवशी न्या. छोट्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य हॅम्स्टर आणण्याआधीच शोधून ठेवा, कारण सगळेच ते करत नाहीत.

मुलं, ढोल आणि हवामान

सात-आठ वर्षांखालच्या मुलांनी त्याला उचलू नये. मोठ्या माणसाच्या ओंजळीत असताना एका बोटाने पाठीवरून हात फिरवावा, तोही डोक्याकडून शेपटीकडे. मुलांना कणीस धरून बसायचं काम द्या. ते त्यांना छान जमतं, आणि स्वतःहून आलेला हॅम्स्टर बघताना पोरं जेवढी शांत बसतात तेवढी एरवी क्वचित बसतात. आधी आणि नंतर हात धुणं सगळ्यांनाच लागू.

गणपतीत मिरवणूक दारावरून जाणार असेल किंवा दिवाळीत फटाके असतील, तर पिंजरा आतल्या खोलीत हलवा, बेडिंग वाढवा आणि त्या दिवसांत हाताळणं बंद ठेवा. सण झाल्यावर एक-दोन पायऱ्या मागे जावं लागतं, पण गाडी लवकर रुळावर येते.

१८ ते २४ अंश तापमान त्याला मानवतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला सगळ्यांत गार खोलीत ठेवा. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून टेकवा, आत फरशीचा एक तुकडा ठेवा. सपाट पसरून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच गार जागी हलवा आणि पशुवैद्याला फोन करा. उलट निफाड-नाशिककडच्या थंडीत पारा १० अंशांखाली गेला की एखादा हॅम्स्टर गार, लुळा पडतो. श्वास इतका मंद होतो की लोक त्याला मेला समजून पुरतात. आधी ओंजळीत धरून, खोली ऊबदार करून हळूहळू ऊब द्या आणि मिशा हलतात का ते बघत राहा. शेकोटी वा गरम पाणी वापरू नका.

नाहीच आला तर

काही हॅम्स्टर महिन्याभरानंतरही तळव्यावरून बी घेऊन पळतात आणि तेवढ्यावरच थांबतात. त्यांच्याशी जबरदस्ती करू नका. रात्री चाकावर धावताना बघा, दाणे बेडिंगमध्ये पेरून शोधायला लावा, आठवड्यातून एकदा पेल्यात घेऊन वजन करा म्हणजे तब्येतही कळते. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरतो. तीळ दीड वर्षाची झाल्यावर एका रात्री स्वतःहून हातावर येऊन बसली. हॅम्स्टर जेमतेम दोन-अडीच वर्षं जगतो, त्यामुळे पुढे तिचे मागचे पाय थकले तेव्हा मी चाक काढलं, वाटी मडक्याशेजारी आणली आणि रोज रात्री हात तळाशी टेकवून ठेवत राहिले. शेवटचे काही आठवडे ती तिथेच झोपायची.